कुडलच्या संगमावर गळ टाकायला गेलो तेव्हा

डिसेंबरातल्या रविवारी पहाटे साडेचारला आम्ही सोलापुरातून निघालो. मी, डोंबिवलीहून आलेले दाजी आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी. विजापूर रस्ता धरला, वडकबाळला सीनेचा पूल ओलांडला आणि पुढे महामार्ग सोडून डावीकडे हत्तरसंग कुडलच्या वाटेला लागलो. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता अरुंद आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या. त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नसतो, त्यामुळे अंधारात गाडी हळूच चालवा.

कुडलला सीना भीमेला मिळते. एक भीमाशंकरच्या डोंगरातून पंढरपूरवरून आलेली, दुसरी नगरकडून. भीमेच्या पलीकडच्या काठाला कर्नाटक. सोलापूरकर इथे येतात ते संगमेश्वराच्या दर्शनाला. आम्ही मासे धरायला आलो होतो, आणि तेही वाट दाखवणारा माणूस ठरवून.

त्यांना आम्ही अण्णा म्हणत होतो. साठीच्या पुढचे, भोई समाजातले, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारे. ओळखीतून नंबर मिळाला होता. होडी, आमिष आणि दुपारपर्यंतची सोबत यांचे दोन हजार रुपये ठरले होते. त्यांनी पहिलीच अट घातली, ती मला फार आवडली. "घाटाजवळ गळ टाकायचा नाही. तिथले मासे देवाचे." आम्ही लगेच मान्य केलं. दुसरी अट अशी की पलीकडच्या काठाला होडी लावायची नाही, तिकडचा ठेका वेगळा आहे. तुम्ही कोणाबरोबरही जा, इथे मासे धरायचा हक्क कोणाचा आणि आपल्याला परवानगी आहे का, एवढं निघण्याआधी विचारून घ्या. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना न विचारता तिथे दोरी टाकणं बरं नाही.

उजाडलं तशी ती रेघ दिसली. सीनेचं पाणी मातकट, भीमेचं हिरवट. दोन्ही एकत्र आल्यावरही बराच वेळ मिसळत नाहीत, शेजारी शेजारी चालतात. मधे एक वळवळती रेघ, तिच्यावर फेसाचे आणि पाल्याचे तुकडे. मी बांबूच्या काठीला दोरी लावून दोरीवरच्या तरंगत्या बुचाकडे टक लावून बसलो होतो. अण्णा म्हणाले, "बुचाकडं नका बघू. त्या रेघेकडं बघा. बूच बुडल्यावर कळतंय की आपोआप."

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच खरं तर मी हे लिहितोय. पळतं पाणी खाणं वाहून आणतं, पण त्यात उभं राहायला माशाला ताकद लागते. संथ पाण्यात आराम असतो, पण खाणं येत नाही. म्हणून मासा दोन्हींच्या कडेला, संथ बाजूला थांबतो. तोंड वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. आमिष त्याच्या अंगावर टाकलं तर तो बिचकतो. ते वरच्या अंगाला टाकायचं आणि रेघेवरून वाहत त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं. आम्ही पहिला तासभर नेमकं उलटं करत होतो आणि एकही मासा लागला नव्हता. जागा बदलली नाही, काठी बदलली नाही, फक्त टाकायची दिशा बदलली आणि वीस मिनिटांत पहिली चिलापी आली.

आमिष कितीही चांगलं असलं तरी ते किती खोल सोडायचं हे कळायला हवं. अण्णांनी माझ्या भाचीला ते माशांच्या तोंडावरून शिकवलं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं, तो तळाचा. रोहू मधला. त्यामुळे बूच दोरीवर वरखाली सरकवून गळाची खोली बदलायची. कणीक आणि भाजलेली शेंगदाण्याची पेंड घट्ट मळून केलेला गोळा या तिघांनाही चालतो. शिंगटा आणि वाम यांना गांडूळ लागतं, गळ तळाला टेकवून. मरळ हवी असेल तर काठच्या गवताशी, उथळ पाण्यात बघा. ती वर येऊन हवा घेते तेव्हा पाण्यावर 'पच' असा आवाज होतो. पण सोबत पिलं असतील तर तिला सोडा. मरळ पिलांची राखण करते. ती गेली की बाकीचे मासे पिलं संपवतात.

आठच्या सुमाराला दाजींच्या रॉडला कटला लागला. दाजी खाडीवर मासे धरणारे, रीळ वापरायची त्यांना सवय. त्या लांब फेकीमुळेच आमिष रेघेच्या पल्याडपर्यंत जात होतं, अण्णांच्या काठीला ते जमणारं नव्हतं. मासा लागताच दाजींनी ओढायला सुरुवात केली आणि अण्णा ओरडले, "ढील द्या, ढील!" कटला पहिल्या झटक्यात सरळ धारेत पळतो. तेव्हा ओढलं तर दोरी तुटते नाहीतर ओठ फाटतो. त्याला दोनतीन वेळा पळू दिलं. दर वेळी पळ थोडा आखूड होत गेला. दहा-बारा मिनिटांनी तो होडीच्या कडेला आडवा झाला, मग हातजाळीने उचलला. तीन किलोच्या आसपास. भाचीने त्याच्या खवल्यांवरून बोट फिरवलं आणि किती तरी वेळ ती गप्पच होती.

शिंगटा मात्र मला महागात पडला. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांना करवतीसारखा काटा असतो. गळ काढताना मी घाई केली आणि तो तळहातात घुसला. कळ खांद्यापर्यंत गेली. अण्णांनी जखम धुवायला लावली आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. ठणका खरंच उतरला. संध्याकाळी सोलापुरात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तुम्ही जाल तेव्हा जाड कापड किंवा हातमोजा आणि लांब चिमटा बरोबर ठेवा. गरम पाण्याचा थर्मास चहासाठी नेणारच आहात, तो इथेही कामी येतो.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. होडीत लाइफ जॅकेट नव्हती. आम्ही भाचीसाठी एक नेलं होतं, मोठ्यांनी मात्र नेलं नाही, हे चुकलं. वाळू उपशामुळे भीमेच्या आणि सीनेच्या पात्रात खड्डे झालेत. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल डोहात पडतं. भीमेची पातळी पावसाइतकीच वरच्या उजनी धरणावरही अवलंबून असते. धरणातून पाणी सोडलं की पात्र भरतं, ते पाणी इथवर यायला काही दिवस लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पाणी किती आहे ते विचारा. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला आलेल्या महापुराचा कचरा अजून काठच्या बाभळींवर डोक्याच्याही वर लटकत होता. मुलं बरोबर असतील तर ते त्यांना दाखवा.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं, होडीत सावली नसते. पावसाळ्यात जाऊ नका, आणि याला पाणी धोक्याचं असतं एवढंच कारण नाही. मृगाचं पाणी आलं की मासे धारेच्या उलटे चढू लागतात. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. चढणीच्या त्या माद्या पोटात अंडी घेऊन निघालेल्या असतात. अण्णा म्हणाले, लहानपणी संगमावर चढणीचे मासे हाताने धरता यायचे, आता जाळ्यात निम्म्याहून जास्त चिलापीच येते. चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती दुसऱ्या माशांची अंडी-पिलं खाते आणि स्वतःची पिलं तोंडात सांभाळते. म्हणून आम्ही चिलाप्या सगळ्या ठेवल्या, पण वीतभराच्या आतले तीन मृगळ ओल्या हाताने धरून परत सोडले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही नंतर मरतो.

साडेअकराला गळ गुंडाळले. मासे अण्णांच्या शेतातल्या कोपीवर शिजवले, काळा मसाला घालून. सोबत आम्ही नेलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी. कटल्याला बारीक काटे फार, मुलांना शेपटीकडचा तुकडा देऊ नका.

हात धुऊन देवळात गेलो. कुडलच्या शिलालेखावर शके 940, म्हणजे इसवी सन 1018. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक, सोलापूरच्या आनंद कुंभारांनी उजेडात आणलेला. 'वाछितो विजेयां होइवा', जो वाचेल तो विजयी होईल. आवारात 359 मुखं कोरलेलं शिवलिंगही आहे. यासाठी तासभर वेगळा काढा, घाईत नको. भाची अक्षरांपुढे बराच वेळ उभी राहिली, मग बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पुन्हा ती रेघ शोधू लागली. दुपारच्या वाऱ्याने पाणी खवळलं होतं, रेघ दिसत नव्हती. अण्णांनी बोट करून दाखवली. पाणकावळे बुडी मारत होते, तिथून ती गेली होती.