दाल बुखारा घरी केली आणि आई म्हणाली, घुटं झालंय

महिन्यातून एका शनिवारी रात्रीचं जेवण माझ्याकडे असतं आणि मी हट्टाने असंच काहीतरी करायला घेतो जे कुठल्यातरी मोठ्या हॉटेलची किंवा शेफची ओळख आहे. बायको तेव्हा एका शेगडीवर गुपचूप वरणभाताचा कुकर लावून ठेवते. राग मानायचं कारण नाही, आत्तापर्यंत तीनदा तोच वरणभात खाऊन झोपलोय.

यावेळी दाल बुखारा. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमध्ये बुखारा नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे गळ्यात ॲप्रन बांधून हाताने जेवतात. मी एकदाच गेलोय, तेही ऑफिसच्या पैशाने, आणि कबाब राहिले बाजूला, लक्षात राहिली ती डाळ. तिच्यात असतं काय? अख्खे काळे उडीद, टोमॅटो, आलं-लसूण, तिखट, मीठ, लोणी, क्रीम. संपलं. कांदा नाही, राजमा नाही, वरून फोडणी नाही. फक्त ती रात्रभर कोळशाच्या मंद आचेवर ठेवतात, आणि तीच तर गोम आहे. (दाल मखनी हे वेगळं प्रकरण, ती दर्यागंजच्या मोतीमहालवाल्यांची म्हणतात, आणि ती आणि बटर चिकन नक्की शोधलं कुणी यावरून 2024 मध्ये दिल्ली हायकोर्टात केस उभी राहिली. डाळीवरून कोर्टात जाणारे लोक मला फार आवडतात.)

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. उडीद भिजवले, आणि वेळ वाचवायचा म्हणून टोमॅटोची प्युरी, आलं-लसूण, तिखट सगळं एकदमच कुकरमध्ये टाकून आठ शिट्ट्या. उघडलं तर उडीद दाताखाली कचकच. अजून सहा शिट्ट्या दिल्या, तरी तेच. आई दारातून म्हणाली, "आंबट आधी घातलंस ना? मग कसे शिजतील रे ते." चिंच घातली की डाळ शिजत नाही हे आईला माहिती आहे, मला मात्र नेटवर शोधून कळलं की आंबटपणामुळे दाण्याचं साल आणि आतला भाग मऊ व्हायलाच तयार होत नाही. त्या रात्री वरणभात.

दुसऱ्यांदा नीट केलं. पाव किलो उडीद, तळहातावर चोळून चोळून धुतले, काळं पाणी जाऊन बऱ्यापैकी स्वच्छ पाणी येईपर्यंत, मोजलं नाही पण सहा-सात पाणी झाली असतील. शुक्रवारी रात्री भिजत घातले. शनिवारी सकाळी फक्त पाणी आणि मीठ घालून कुकरला मऊ शिजवले, दाणा बोटात धरला की लगद्यासारखा चिरडला पाहिजे इतके. मग जाड बुडाच्या पातेल्यात काढून आलं-लसणाची पेस्ट, तीन टोमॅटोंची प्युरी, काश्मिरी तिखट आणि शंभर ग्रॅम लोण्यातलं निम्मं. आणि मग थांबायचं. खरा स्वयंपाक इथे सुरू होतो, म्हणजे दिसायला काहीच होत नाही, पातेलं आपलं फुट्ट… फुट्ट… करत बसतं.

कुकरमध्ये उडीद शिजतो पण डाळ आणि पाणी वेगवेगळंच राहतं, वाटीत घेतलं की कडेला पाणी सुटतं. मंद आचेवर तासन् तास ठेवलं आणि मधून मधून डावाच्या पाठीने पातेल्याच्या कडेला घोटलं की दाणे फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो, आणि तो लोण्याला धरून ठेवतो. चौथ्या तासाला रंग बदलला. आधी विटकरी-काळपट, वर तुपकट तवंग, असं दिसत होतं, मग हळूहळू तो तवंग आत मुरला आणि सगळं मिळून एकच चॉकलेटी गर्द झालं, डाव उचलला की थेंब पडायच्या ऐवजी जाड धार. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण सिलिंडर कालच लावलाय." मग उरलेले तीन तास ओटीजीत, झाकण लावून, 120 डिग्रीवर. विजेचं बिल पुढच्या महिन्यात येतं, तो विषय तेव्हाचा तेव्हा.

कोळशाचा वास मात्र मी करायला नको होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडून दोन कोळसे मागून आणले (त्यांनी विचारलं सुद्धा नाही कशाला, आता त्यांना सवय झालीय), गॅसवर लाल केले, वाटीत ठेवून वर तूप सोडून पातेल्यात धुंगार दिला. दहा मिनिटं. झाकण काढलं तर अख्ख्या घराला मशेरी भाजल्याचा वास. दोन मिनिटं पुरली असती, आणि खरं सांगायचं तर नसता दिला तरी चाललं असतं, तिथल्या डाळीला मला धूर जाणवलेलाच नव्हता.

आधीचे प्रयोगही सांगतो थोडक्यात. चिकन मांचुरियन, जे 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वँग यांनी पाहुण्याने काहीतरी नवीन मागितलं म्हणून केलं, ते आमच्याकडे फसलं कारण अर्धा किलो चिकन मी एकदमच कढईत ओतलं, कढई गार पडली, पाणी सुटलं, आणि तळायच्या ऐवजी उकडलं. हॉटेलची भट्टी ज्वाळा फेकते, आपली शेगडी बिचारी मेहनत करते, तेव्हा मूठ-मूठभरच टाकायचं.

सगळ्यात यशस्वी झाला तो जोएल रोबुशाँचा बटाटा! फ्रेंच शेफ, जगभर रेस्टॉरंटं, आणि नाव कशासाठी तर कुस्करलेल्या बटाट्यासाठी. एक किलो बटाट्याला पाव किलो लोणी, हो, पाव किलो. बटाटे सालासकट उकडायचे, सोलून गरम असतानाच यंत्रातून फिरवायचे, पातेल्यात परतून वाफ घालवायची, मग गार लोण्याचे तुकडे एकेक करत घोटायचे आणि शेवटी गरम दूध. ते यंत्र म्हणजे आपलं पुरणयंत्रच हो! हँडल, खाली जाळी, सगळं तेच. माळ्यावरून काढताना होळीचं पुरण जाळीत वाळून बसलेलं होतं ते घासण्यात वीस मिनिटं गेली. मिक्सरला लावू नका, चिकट खळ होते, मी तेही करून पाहिलंय.

तर डाळ. रात्री नऊला वाढली, वर क्रीमची नक्षी वगैरे, बरोबर विकतचे नान. बायकोने दुसऱ्यांदा घेतली आणि कुकर उघडलाच नाही, मुलगा म्हणाला थोडी जळकी लागते पण मस्त आहे. आई आमची कराडकडची. तिने बोटाने चाखली, परत चाखली, म्हणाली, "अरे हे घुटं आहे की! लोणी घालून श्रीमंत केलंस एवढंच." उडदाचं घुटं म्हणजे आमच्याकडे उडदाची डाळ शिजवून घोटायची, मिरची-लसूण-कोथिंबीर, आणि भाकरी. मी म्हटलं अगं हे दिल्लीच्या फाइव्ह स्टारमधलं आहे, हजारो रुपयांचं बिल होतं. ती म्हणाली, मग त्यांना सांग लसूण कमी पडलाय.

सकाळी उठलो तर उरलेल्या डाळीचं पातेलं गॅसवर होतं, आईने त्यात खलबत्त्यात ठेचलेला लसूण आणि दोन हिरव्या मिरच्या घातल्या होत्या आणि बाजूला ज्वारीची भाकरी थापायला घेतली होती. नान दोन उरले होते, ते कुणी विचारले नाहीत.