तुम्ही विचारलंत म्हणून: कँडिरू मासा लघवीच्या वासावर येतो का?

नदीत लघवी करणाऱ्याच्या अंगात हा मासा वासावर येऊन शिरतो, थेट धारेतून चढून, अशी गोष्ट सांगतात. नाही, तो लघवीच्या धारेतून वर चढत नाही. ठाण्यात तलावपाळीला भेटा नाहीतर गडकरी रंगायतनच्या मध्यंतरात, जुन्या विद्यार्थ्यांचे पालक हेच विचारतात, तेही आवाज खाली आणून, हसत. अहो, धारेतून चढायला धारेपेक्षा जोरात पोहायला हवं, आणि तेही हवेत!

खरं तर त्याचा उद्योग याहून भारी आहे. कँडिरू शिंगाळा-मांगूरच्याच मोठ्या गोतावळ्यातला, पण सडपातळ, जवळपास पारदर्शक. राहतो अॅमेझॉनच्या खोऱ्यात, जगतो मोठ्या माशांच्या रक्तावर. आपल्या बाजारात रूपचंद मिळतो ना, त्याचा तिकडचा भाऊबंद तांबाकी, हा त्याचा एक यजमान. यजमानाने श्वासासाठी कल्ल्याचं झाकण उघडलं की हा आत घुसतो, स्वतःच्या झाकणांवरचे मागे वळलेले काटे रुतवतो आणि मोठ्या धमनीला चावतो. शोषायचेही कष्ट नाहीत. यजमानाचा रक्तदाबच रक्त त्याच्या पोटात ढकलतो. दोन-अडीच मिनिटांत पोट टम्म, की बाहेर.

पण यजमान सापडतो कसा? अकरावीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं ठासून सांगायचो: वासावर. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, हा त्याचा माग काढतो, आणि माणसाच्या लघवीला फसतो. शेवटचा बाकसुद्धा जागा व्हायचा.

मग नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या क्लासमधल्या एका मुलीने कँडिरूचा तक्ता केला होता. नदी निळी, अमोनियाचे बाण पिवळे, खाली माझं वाक्य जसंच्या तसं. परीक्षक बाईंनी तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "हे कोणी तपासून पाहिलंय का?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी दोन टेबलं सोडून उभा होतो, हातात वडापाव. मी शेजारच्या ज्वालामुखीच्या मॉडेलकडे वळलो. अगदी रस घेऊन पाहिला तो ज्वालामुखी. बाई रागावल्या नाहीत, "रंगवलंय छान" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मुलगी तक्त्याचा सुटलेला कोपरा दाबत राहिली, टेप चिकटत नव्हती.

घरी येऊन शोधलं. तपासलेलं होतं! 2001 साली स्टीफन स्पॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकीत अमोनियासारखी रासायनिक आमिषं देऊन पाहिली होती. कँडिरूने ढुंकून पाहिलं नाही. जिवंत माशावर मात्र झेपावला. शिकार डोळ्यांनी हेरतो, असा त्यांचा निष्कर्ष.

आता माझ्यातला जुना मास्तर अजून भांडतो. टाकीत भुलला नाही म्हणून नदीतही भुलणार नाही? त्या गढूळ पाण्यात डोळे किती लांबचं बघणार? डास नाही का आपल्या श्वासाचा माग काढत येत? मी त्याला म्हणतो, बाबा रे, शंका काढ हवी तेवढी, पण तू वर्गात शंका नव्हतास काढत. त्यावर तो म्हणतो, मग पोरं जागी कशी राहिली असती? इथे माझ्याकडे उत्तर नसतं.

तर पालकहो, भीती नको, येऊरच्या ओढ्यात काय आणि खाडीत काय, कँडिरू नाही. आणि ती मुलगी कुठे भेटली तर हे तिला वाचायला द्या. मला तिने त्यानंतर काहीच विचारलं नाही. क्लास मात्र मार्चपर्यंत केला, पहिल्याच बाकावर बसून.