तुम्ही विचारलंत म्हणून : क्राफ्ट म्हणजे हस्तकला का?

जर्मन शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. हल्ली तो विचारतात त्या नर्सिंग करून जर्मनीला निघालेल्या मुली. तिकडच्या नोकरीच्या कागदांवर त्यांना 'प्फ्लेगेफाखक्राफ्ट' म्हटलेलं असतं. प्फ्लेगे म्हणजे शुश्रूषा, फाख म्हणजे विषय. "मग मॅडम, क्राफ्ट कशाला? आम्ही काय तिथे कागदाची फुलं करणार?"

जर्मनमध्ये क्राफ्ट म्हणजे ताकद. क्राफ्टवेर्क म्हणजे वीजनिर्मिती केंद्र, वासरक्राफ्ट म्हणजे जलशक्ती. न्यूटनचं बल तेही क्राफ्टच. १८४७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. बल आणि ऊर्जा यांची वाटणी तोवर पक्की झालेली नव्हती. शिवराळ शब्दाला 'क्राफ्टआउसड्रुक' म्हणतात, म्हणजे जोरकस शब्द. (हा मात्र वर्गात एकदा सांगितला की पुरतो.) शिवाय काम करणारं माणूसही क्राफ्ट: शिकवणारी 'लेअरक्राफ्ट', प्रशिक्षित कामगार 'फाखक्राफ्ट'. माणसाला नुसतं बळ म्हणून मोजणं मला थोडं खटकतं, पण मनुष्यबळ हा शब्द आपणही बिनदिक्कत वापरतोच.

इंग्रजीतला क्राफ्ट याचा सख्खा भाऊ. डच 'क्राख्त' आणि स्वीडिश 'क्राफ्ट' हेही त्याच घरातले, आणि या दोघांनी ताकद हाच अर्थ धरून ठेवलाय. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही 'क्रॅफ्ट' म्हणजे ताकद होती, पण तिथे शब्द पसरत गेला. अंगातलं बळ, मग मनाचं, मग एखादी गोष्ट साधण्याचं. आपण 'ताकदीचा नट' म्हणतो तेव्हा त्याचे दंड मोजत नाही, तसंच. त्या इंग्रजीत व्याकरणाला 'अक्षरांचं क्रॅफ्ट' म्हणत, खगोलशास्त्राला 'ताऱ्यांचं' आणि वैद्यकाला 'वैद्याचं'. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडच्या नावावर रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाचं जे भाषांतर आहे, त्यात तर लॅटिन 'विर्तुस'साठी, म्हणजे सद्गुणासाठी, हाच शब्द येतो. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून 'फोर्स' आणि 'पॉवर' इंग्रजीत शिरले. ताकदीचा प्रांत हळूहळू त्यांच्याकडे गेला. क्राफ्टच्या वाट्याला कसब राहिलं आणि 'क्राफ्टी'मध्ये तर निव्वळ लबाडी.

यावर हमखास कुणीतरी म्हणतं, "हा आपल्या संस्कृत 'क्रतु'वरूनच आला असणार." क्रतु म्हणजे सामर्थ्य, संकल्प, त्यामुळे मोह होतो खरा. पण जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला ध्वनिनियम आड येतो. संस्कृत, लॅटिन, जर्मन यांच्या समान पूर्वज भाषेतल्या मूळच्या 'ग'चा जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश यांच्या कुळात, 'क' होतो: संस्कृत गो, जर्मन कू, इंग्रजी काऊ. आणि मूळच्या 'क'चा होतो 'ह': लॅटिनमध्ये शिंगाला कोर्नू, जर्मनमध्ये होर्न. म्हणजे क्रतुचा भाऊबंद जर्मनमध्ये 'ह'ने सुरू व्हायला हवा. क्राफ्टला जर्मानिक कुटुंबाबाहेर निर्विवाद नातेवाईक सापडलेले नाहीत. संस्कृतशी नातं निघालं नाही की काहींचा उत्साहच जातो. मला तर असे एकांडे शब्द जास्त आवडतात.

आणि कुरिअरचं तपकिरी खोकं ज्याचं असतं तो क्राफ्ट पेपर? तो शोभेच्या वस्तू करण्याचा कागद, असं बरेच जण समजतात. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, त्यामुळे घोळ वाढतो. पण हा क्राफ्ट जर्मन आहे. कार्ल डाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लाकडाचा लगदा शिजवण्याची जी पद्धत काढली आणि १८८४ मध्ये जिचं पेटंट घेतलं, तिच्यातून निघणारा कागद सहजी फाटत नाही, म्हणून ते नाव.

मुलींना मी आणखी एक प्रयोग पाठ करायला लावते, कारण तो त्यांच्या कागदपत्रांत येतो. कायदा अमलात येणं म्हणजे जर्मनमध्ये 'इन क्राफ्ट ट्रेटन', शब्दशः ताकदीत पाऊल टाकणं. परदेशी फाखक्राफ्टना जर्मनीची वाट सोपी करणारा कायदा असा १ मार्च २०२० रोजी 'इन क्राफ्ट' आला.