थंडीत फुलणारी एपॅक्रिस

मेलबर्नच्या जुलैकडून फुलांची अपेक्षा कुणी करू नये. बोचरा वारा, भुरभुरता पाऊस आणि दुपारी चारलाच दिवे लावावेसे वाटणारं कळकट आभाळ. नेमक्या याच दिवसांत आसपासच्या रानात एपॅक्रिस ऐन भरात असते. इथे तिला ‘कॉमन हीथ’ म्हणतात. स्कॉटलंडच्या माळावरच्या हीथची ही लांबची बहीण, कूळ मात्र एकच.

झुडूप म्हणाल तर कमरेएवढ्या चार काटकुळ्या काड्या. पानं बारीक, टोकाला चांगलीच टोचणारी. पण त्याच काड्यांना नळीसारखी फुलं अशी लगडतात की पानं शोधावी लागतात. पांढरी, गुलाबी, कुठे कुठे लालभडक. नळीच्या बुडाशी बाहेरून पाच इवल्या खळ्या असतात. लाबियार्दिएर या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने १८०५ साली तिला ‘एपॅक्रिस इंप्रेसा’ हे शास्त्रीय नाव दिलं; त्यातलं ‘इंप्रेसा’ या खळ्यांवरूनच. आपल्याकडे शिंजीर करतो ते काम इथे स्पाइनबिल हा लांब, बाकदार चोचीचा पक्षी करतो. भर थंडीत त्याला मध मिळतो आणि हिचं परागीभवन होतं.

१९५८ साली मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाने गुलाबी एपॅक्रिसला राज्यफूल केलं. ऑस्ट्रेलियात हा मान फुलाला देणारं हे पहिलंच राज्य. आपला महाराष्ट्र तर तेव्हा व्हायचाच होता! आपलं राज्यफूल ताम्हण एसटीच्या खिडकीतूनही ओळखू येतं. हिच्यासाठी गाडी थांबवून चिखलात उतरावं लागतं, वर वाकावं लागतं. माझ्या ऑफिसातल्या किती जणांनी ती पाहिली असेल, शंकाच आहे.

चिखलाचीही एक गोष्ट आहे. फायटोफ्थोरा नावाचा, मुळं कुजवणारा रोग बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरतो आणि एपॅक्रिस त्याला लवकर बळी पडते. म्हणून काही रानांच्या तोंडाशी बूट घासायला ब्रश ठेवलेले असतात. पुण्याहून आलेल्या आईला ही शिस्त फार आवडली. फुलं तोडायची नाहीत, ही मात्र नाही.

“देवापुरत्या दोन काड्यासुद्धा नाहीत?”

शेवटी नर्सरीतून रोप आणलं. पाण्याचा निचरा झाला पाहिजे, पण मुळं कोरडी पडता कामा नयेत. फुलोरा सरला की चांगली छाटायची. हे सगळं ऐकून घेऊन आई म्हणाली, “आमची तुळस बरी गं. हिचे फारच नखरे.”