कार्सिनोसार्कोमा: दोन दिसतात, पण असतो एकच

रिपोर्टवर 'कार्सिनोसार्कोमा' लिहिलं की नातेवाईक हमखास विचारतात, मॅडम, आईला दोन-दोन कॅन्सर झाले का हो? आणि क्युरेटिंगच्या (गर्भाशय आतून खरवडून काढलेल्या तुकड्याच्या) रिपोर्टमध्ये तर साधा एंडोमेट्रियमचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा, कॅन्सर होता, आता ऑपरेशननंतर नाव काहून बदललं?

नाव बदलतं कारण क्युरेटिंगमध्ये हाती लागतो एवढासा तुकडा, त्यात नुसता कार्सिनोमाच (अस्तराच्या, ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) आला तर आम्ही पॅथॉलॉजिस्ट तरी दुसरं काय लिहिणार. पूर्ण गर्भाशय आलं की मग कळतं, पोकळीत लोंबणारी मऊ गाठ, मध्येच रक्ताळलेली, मध्येच सडलेली, आणि अशा वेळी ब्लॉक (स्लाईडसाठी मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) घ्यायला कंजूषी करायची नाही, कारण सार्कोमा (स्नायू, कूर्चा अशा ऊतींच्या धाटणीचा कॅन्सर) एखाद्याच कोपऱ्यात बसलेला असतो.

एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाईडवर एकीकडे वेड्यावाकड्या ग्रंथी आणि अगदी त्याला लागूनच लांबुळक्या, बेढब केंद्रकांच्या पेशी. कधी त्यात कूर्चा दिसते, कधी भडक गुलाबी सायटोप्लाझमच्या रॅब्डोमायोब्लास्ट, म्हणजे गर्भाशयात ज्यांचं काहीच काम नाही असा कंकाल स्नायू! डेस्मिन, मायोजेनिन हे स्नायू ओळखणारे स्टेन लावले की त्या पेशी तपकिरी होतात (मला ही स्लाईड कितीही वेळा पाहिली तरी पुरत नाही, पेशंटचं वय वाचलं की मात्र आनंद उतरतो).

आधी लोकांना वाटायचं दोन ट्यूमर एकमेकांना धडकले असतील. पण बहुतेक केसेसमध्ये दोन्ही भागांत टीपी53 या जनुकाचं तेच म्युटेशन सापडतं, त्याच्या प्रथिनाचा म्हणजे पी53 चा स्टेन दोन्हीकडे सारखाच बिघडलेला येतो, म्हणजे मूळ पेशी एकच, कार्सिनोमाच्याच काही पेशी रूप बदलून सार्कोमा होऊन बसल्यात. पसरतो तेव्हाही बहुतेकदा कार्सिनोमाच पसरतो, म्हणून स्टेजिंग (आजार किती पसरलाय ते ठरवणं) एंडोमेट्रियल कार्सिनोमाचंच वापरतात. गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास, पण आहे आक्रमक. आमचे सिनियर सर अजूनही जुन्या सवयीने एमएमएमटीच (मॅलिग्नंट मिक्स्ड म्युलेरियन ट्यूमर, याचंच जुनं नाव) म्हणतात, तर घाबरू नका, आजार तोच.

सेकंड ओपिनियनला मुंबईला जाणार असाल तर स्लाईडसोबत ब्लॉकही मागून घ्या, तिकडे इम्युनो (डेस्मिन, पी53 सारख्या स्टेनची तपासणी) परत करायची असली तर तेच लागतात. आणि नागपूरच्या मे महिन्यात ते ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका बाप्पा, पॅराफिनचं मेण साठ डिग्रीच्या आतबाहेर वितळतं.