दुसऱ्या ओळीतली मुलगी

"तीन. तिघेही मुलगे," आजी म्हणाल्या. पाहणीच्या पहिल्या फेरीतही त्यांनी हेच सांगितलं होतं. माझ्या दृष्टीने ते घर पूर्ण झालेलं होतं. दुसऱ्या फेरीत फक्त नवी, लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायची होती.

माणसाच्या वर्तनाकडे उत्क्रांतीच्या अंगाने पाहणं हे माझं काम. कोणत्या परिस्थितीत मुलगे किती जन्मतात, मुली किती, त्यातली जगतात किती, हे मी मोजते. त्या दिवसापर्यंत माझ्याकडे एक देखणा आलेख होता: सुस्थितीतल्या घरांत मुलगे ठळकपणे जास्त, ओढगस्तीच्या घरांत तसं काही नाही. रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि डॅन विलार्ड यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या गृहीतकाशी तो तंतोतंत जुळत होता. त्यांचं म्हणणं असं, की जिथे दणकट नराला अनेक माद्या मिळतात आणि दुबळ्याला एकही मिळत नाही, तिथे धडधाकट आईला मुलगा होणं फायद्याचं असतं आणि अशक्त आईला मुलगी. स्कॉटलंडच्या रम बेटावरच्या लाल हरणांत कळपातल्या वरचढ माद्यांना नर पाडसं जास्त झालेली आढळली आहेत. माणसांबाबतचे पुरावे मात्र कधी इकडे, कधी तिकडे झुकतात. त्यात माझा एक पक्का पुरावा जमा होणार, या आनंदात मी होते. निबंधाचा मसुदाही तयार होता.

नवी प्रश्नावली 'मुलं किती?' असं एकदम विचारत नाही. सोबत राहणारे मुलगे किती, मुली किती. दुसरीकडे राहणारे मुलगे किती, मुली किती. आणि मग, जिवंत जन्मलं पण नंतर गेलं असं कुणी? उत्तर 'नाही' आलं तरी थांबायचं नसतं. पुन्हा विचारायचं: जन्मल्यावर रडलं, श्वास घेतला, पण जगलं नाही, असं एखादं बाळ?

आजी आधी 'नाही' म्हणाल्या होत्या. या प्रश्नावर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "रडली होती."

मी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तिला लिहायचं असतं का?"

"हो आजी. लिहायचं असतं."

ती थोरल्याच्या पाठची. म्हणजे अपत्यांच्या यादीत दुसरी ओळ तिची, आणि बाकीचे दोघे एकेक घर खाली. महिन्याच्या आत गेलेल्या बाळाचं वय दिवसांत लिहितात. मी विचारलं, किती दिवसांची होती? "नऊ." क्षणभरही आठवावं लागलं नाही त्यांना. म्हणजे त्या विसरल्या नव्हत्याच. मी पहिल्या फेरीत जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं. तो एका ओळीचा प्रश्न वेळ वाचवण्यासाठी मीच तयार केला होता.

त्या रात्री मी सगळ्या नोंदी आईच्या वयानुसार लावल्या. जगात साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. तरुण आयांचा आकडा त्याच्या आसपास होता. आयांचं वय वाढेल तसे मुलगे वाढत गेलेले. मुलगे जन्माला घालण्याची ताकद वयासोबत अशी वाढत नसते. वाढलं होतं ते प्रसूतीपासूनचं अंतर, आणि त्यासोबत यादीतून गळणाऱ्या मुली. आणि सुस्थितीतली घरं बहुतेक वयस्क बायकांचीच होती, कारण घर सावरायला वर्षं लागतात. मी समृद्धी म्हणून जे मोजत होते, ते मुख्यतः वय होतं.

एक गोष्ट जास्त बोचली. तान्हेपणी मुलींपेक्षा मुलगे जास्त दगावतात. गेलेली बाळं सारख्याच प्रमाणात गळाली असती तर माझा आकडा मुलींकडे झुकला असता. तो मुलग्यांकडे झुकला, म्हणजे गेलेल्या आणि लांब राहणाऱ्या मुली कितीतरी जास्त गळाल्या होत्या.

जॉन आर्बथनॉट या वैद्यांनी लंडनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. १६२९ ते १७१० या ८२ वर्षांत दरवर्षी मुलगेच जास्त निघाले. त्या नोंदी त्या-त्या वेळी लिहिलेल्या होत्या. माझ्याकडे होत्या त्या आठवणी, आणि त्याही अपुऱ्या प्रश्नातून आलेल्या. मला हे माहीत होतं. पाठ्यपुस्तकात असतं, मी ते शिकवतेही. तरीही हवं ते उत्तर समोर आल्यावर मी नोंदींवर शंका घेतली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मी मसुदा मागे घेतला. पहिल्या फेरीतल्या प्रत्येक वयस्क बाईकडे नवी प्रश्नावली घेऊन पुन्हा गेले. एका घराला आता मी पूर्ण सकाळ देते. आलेख हळूहळू सपाट होतो आहे, आणि याद्यांमध्ये मधल्या ओळी भरत आहेत.