ठोका चार नंबरचा नव्हता

जानेवारीत सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक जोरात असते आणि माल भरून हैदराबादकडे निघणाऱ्या गाड्यांना थांबायला सवड नसते. अशाच धांदलीत एका दुपारी सहा सिलिंडरचा, जुन्या पद्धतीच्या इनलाइन पंपाचा ट्रक माझ्या गॅरेजमध्ये आला. इंजिन ठोकत होते. मालकांनी तो आधी दोन ठिकाणी दाखवला होता. एका मिस्त्रींनी बिगेन बेरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, जिथे जोडतो तिथले बेरिंग) गेल्याचे सांगून हाफ इंजिनचे मोठे काम करायला सुचवले होते. दुसऱ्यांनी, सकाळी थंड इंजिनवर आवाज जास्त येतो एवढ्यावरून पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) बदलायला सांगितले होते. खर्चाच्या आकड्याने मालक आधीच हबकलेले होते.

मी बॉनेटला हात लावण्याआधी ड्रायव्हरला बाजूला घेतले. गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पाना उचलू नये, असे माझे मत आहे.

“मामा, चढाला आवाज वाढतो का?”

“न्हाई की. चढाला कायबी न्हाई. नळदुर्गचा घाट उतरताना येतो, आन् गावात शिरलं की ठोकायला लागतं. हायवेला लागलं की गप्प.”

हे उत्तर मला चमत्कारिक वाटले. बिगेनमध्ये ढिलाई आली असेल, तर भरलेली गाडी चढाला लागल्यावर ठोका लपून राहत नाही. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, आवाज हलका असतो आणि त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे तो निम्म्या गतीने येतो. हा आवाज जड होता आणि क्रँकच्या फेऱ्यांबरोबर चालला होता. गरम इंजिनवर, स्लो रनिंगला ऑइल प्रेशर चांगले होते. चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट काढून थोडे ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेतले, त्यातही झिजलेल्या बेरिंगचा चमकणारा कण दिसला नाही.

तरीही एकेक सिलिंडर बंद करून पाहणे भाग होते. इंजिन स्लो ठेवून नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपाचा नट ढिला केला की त्या सिलिंडरचे डिझेल बंद होते. दोष त्याच्या बेरिंगमध्ये किंवा नोझलमध्ये असेल, तर ठोका तिथेच दबतो. पहिल्या तीन नटांना इंजिन अडखळले, पण ठोका तसाच राहिला. चौथा नट ढिला केला आणि ठोका थांबला. “चार नंबर!” माझा मदतनीस ओरडला, मालकांनी कपाळाला हात लावला. मी नट पुन्हा आवळला. इंजिन सहाही सिलिंडरवर सुरळीत चालू लागले, पण ठोका परत आला नाही. दोष चार नंबरचा असता, तर तो परत यायलाच हवा होता.

त्याच सुमारास ‘फुस्स’ असा आवाज झाल्याचे माझ्या ध्यानात आले. ब्रेकच्या टाक्या भरल्या होत्या, हवेचा काटा सातच्या वर गेला होता आणि अनलोडर व्हॉल्व्हने जादा हवा बाहेर सोडायला सुरुवात केली होती. मी ड्रायव्हरला ब्रेक पंप करायला सांगितले. पाचसहा वेळा पेडल दाबल्यावर काटा खाली उतरला, अनलोडर मिटला आणि ठोका जसाच्या तसा सुरू झाला. आता चौथा नट ढिला केला, तरी काही फरक पडला नाही.

पुढचे कोडे ड्रायव्हरच्या बोलण्यातच सुटलेले होते. घाट उतरताना आणि गावातल्या गर्दीत ब्रेक वारंवार लागतो, हवा खर्च होते आणि टाक्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर भार येतो. मोकळ्या रस्त्यावर आणि चढाला ब्रेक लागत नाही, म्हणून तो निवांत फिरतो. सकाळी आवाज जास्त येण्याचे कारणही थंड पिस्टन नसून रात्रीतून रिकाम्या झालेल्या टाक्या हे होते. या गाडीचा कॉम्प्रेसर टायमिंग गिअरवरून चालतो, त्यामुळे त्याचा ठोका गिअरमधून थेट ब्लॉकमध्ये उतरतो आणि इंजिनच ठोकते आहे असे वाटते. लोखंडी सळईचे एक टोक कॉम्प्रेसरवर टेकवून दुसरे कानाजवळ धरले, तेव्हा तिथला ठोका ब्लॉकपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू आला. पंख्यापासून अंतर राखून हे करावे लागते.

इंजिन निवल्यावर कॉम्प्रेसर उतरवला. कनेक्टिंग रॉड हाताने हलवला तरी वरखाली खेळत होता. हवेच्या पाइपात कार्बन साचून भोक जेमतेम करंगळीच्या टोकाएवढे उरले होते, म्हणजे प्रत्येक दाबाला बेरिंगवर नको तितका ताण येत होता. मूळ कारण मात्र तळाच्या गॅस्केटपाशी सापडले. पूर्वी कोणीतरी कॉम्प्रेसर बसवताना गॅस्केट चिकटवायचे सोल्युशन एवढे सढळ हाताने फासले होते, की इंजिनकडून येणाऱ्या ऑइलचे भोक अर्धेअधिक बुजले होते. ते खरवडून काढताना माझ्या तोंडून काय निघाले, ते इथे लिहीत नाही.

दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर आणि नवा पाइप बसवून, ऑइल नीट पोहोचते आहे याची खात्री करून इंजिन सुरू केले. हवा भरेपर्यंत ठोका नव्हता, ब्रेक पंप करून काटा उतरवल्यावरही तो आला नाही. टॅपेटची किंचित टिकटिक तेवढी ऐकू येत होती. इंजिन थंड असताना टॅपेट सेट करण्यासाठी परतीच्या वेळी गाडी रात्रभर माझ्याकडे लावायची असे ठरले आणि मालक मार्केट यार्डात हमालांना थांबवून ठेवण्यासाठी फोन लावू लागले.